स्टेशनजवळच्या दोन खोल्या

"सांग," मालन म्हणाली आणि तिनं माझं कोपर धरलं.

हे आमचं ठरलेलं होतं. कुठल्याही घरात शिरलं की ती माझं डावं कोपर धरून उभी राहायची, 'सांग' म्हणायची, आणि मी दिसेल ते सांगत जायचे. दार कुठे, खिडकी कुठे, ओटा किती उंच, मोरीला उंबरा आहे की नाही, नळाचं तोंड कुणीकडे. ती ऐकायची, मध्येच एखादा प्रश्न विचारायची, आणि माझं सांगून झालं की कोपर सोडून एकटीच त्या खोल्यांमधून एक फेरी मारून यायची. परत आली की घर तिच्या डोक्यात बसलेलं असायचं.

ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या डिसेंबरातली. रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. चिंचवड स्टेशनजवळच्या एका बैठ्या घरात आम्ही उभ्या होतो. महिनाभरात पाहिलेलं हे पाचवं घर.

मालन गव्हाणे माझ्याच बँकेत होती. शिवाजीनगरच्या शाखेत मी काउंटरवर आणि ती टेलिफोन ऑपरेटर. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. जिन्याखालच्या छोट्या केबिनमध्ये तिचा बोर्ड होता, आणि शाखेतल्या प्रत्येकाला ती पावलांवरून ओळखायची. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण पहिल्याच दिवशी तिनं मला 'ताईबिई नको, मालन म्हण' असं सांगून टाकलं होतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिच्या केबिनमध्येच डबा खायचो. डबा झाला की तिच्या आईचं कार्ड आलेलं असलं तर मी ते वाचून दाखवायचे.

तिची आई शेवगावकडे, मुलाकडे राहत होती. तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं, शाळेतल्या एका मास्तरांकडून ती लिहून घ्यायची. कार्डात तक्रार कधी नसायची. पण 'हल्ली मी मागच्या पडवीत निजते, तिथं वारा बरा लागतो' अशी एखादी ओळ असायची, आणि ती जानेवारीतली असायची. मालन मग डब्याचं झाकण लावत म्हणायची, "कळलं वारा."

तिला आईला आणायचं होतं. नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात ती राहत होती, तिथली तीन वर्षांची मुदत संपत आली होती आणि तिथं आईला ठेवता येत नव्हतं. म्हणून भाड्याचं घर. आणि घर हवं ते स्टेशनजवळच, असा तिचा हट्ट होता. "बस कधी खांबाच्या पुढे थांबते, कधी मागे," ती म्हणायची. "दर वेळी कुणाचा तरी हात धरावा लागतो. फलाट जागचा हलत नाही. एकदा पावलं मोजली की झालं." लोणावळ्याच्या लोकलनं शिवाजीनगरला उतरायचं आणि तिथून बँकेपर्यंत चालत, हा रस्ता तिला पाठ होता. म्हणून खडकीपासून चिंचवडपर्यंत स्टेशनाजवळ, आणि शक्यतो हायवे ओलांडावा लागणार नाही असं घर आम्ही शोधत होतो.

पहिल्या चार ठिकाणी काय झालं ते थोडक्यात सांगते. एका बाईंनी मालनशी न बोलता मलाच विचारलं, गॅस कोण पेटवणार? दुसऱ्यांनी, रात्रीबेरात्री काही झालं तर जबाबदारी कुणाची, असं विचारलं. तिसऱ्यांनी चहा दिला, कौतुक केलं आणि घर कालच गेल्याचं सांगितलं. चौथं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मालन प्रत्येक वेळी बाहेर पडल्यावर हसायची आणि पुढच्या रविवारचं ठरवायची.

पाचव्या घराचा पत्ता तिनं स्वतः मिळवला होता. बँकेत फोन करणाऱ्या एका खातेदाराशी बोलता बोलता तिला कळलं, की चिंचवडला त्यांचे ओळखीचे बोरावके म्हणून कंपनीतून रिटायर झालेले गृहस्थ आहेत, त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत.

आता माझं सांगते. मी तेव्हा हडपसरला सासरी राहत होते. दोन खोल्या, सासू-सासरे, दीर आणि आम्ही दोघं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोनदा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. दुसऱ्या वेळेला बसमध्येच सुरू झालं होतं. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते, अडीच महिने झाले होते, आणि घरातल्यांखेरीज हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं, मालनलाही नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दोन बस बदलून रोज येणं-जाणं बंद करा, नाहीतर नोकरीवर रजा टाका. रजा आधीच्या दोन वेळांना संपली होती. माझा नवरा दिगंबर चिंचवडलाच कारखान्यात होता. स्टेशनजवळ कुठे मिळालं तर बघू, असं तो रोज म्हणायचा आणि शोधायचा मात्र नाही. त्याच्या आईला वाईट वाटेल, ही एक अडचण. त्याची अडचण मला समजत होती, तरी रात्री झोप लागायची नाही. पोटावर हात ठेवून पडून राहायचे.

अशा अवस्थेत मी दर रविवारी मालनसाठी घर शोधायला जात होते. स्वतःसाठीही नजर ठेवून होते, हे तिला मी सांगितलं नव्हतं. सांगायला काहीच हरकत नव्हती.

बोरावके काका साठी उलटलेले, धोतर-सदऱ्यातले, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मालनला पाहिलं, तिच्या हातातली काठी पाहिली आणि म्हणाले, "माझ्या मावशीला दिसत नव्हतं. आठ माणसांचा स्वयंपाक करायची. तुम्ही बघा घर, पसंत पडलं तर सांगा. माझी काही अट नाही." मग कुणीतरी हाक मारली म्हणून ते पुढच्या अंगणात गेले.

महिनाभरात पहिल्यांदा कुणीतरी हो म्हणालं होतं. मालनचा हात माझ्या कोपरावर आला तेव्हा तो घामानं ओला होता.

"सांग."

मी पाहिलं. पुढची खोली लांबट, स्वच्छ, चुन्याची नवी सफेदी. आतल्या खोलीत कडाप्प्याचा ओटा, बरोबर कमरेइतका. वरती आडवी मोठी खिडकी आणि तिच्यातून ओट्यावर पडलेलं ऊन. मोरी घरातच. मागच्या दाराबाहेर तुळस आणि कपडे वाळत घालायची तार. सगळं जमिनीच्या पातळीवर, एकही पायरी नाही. स्टेशनपासून चालत आम्ही पाच मिनिटांत आलो होतो आणि एकही मोठा रस्ता ओलांडला नव्हता. मी त्या ओट्यापाशी स्वतःला उभी पाहिली. मला सहावा महिना लागला आहे, सातवा लागला आहे, आणि मी या दारातून निघून पाच मिनिटांत फलाटावर जाते आहे.

"पुढची खोली बरी आहे," मी म्हणाले. "आतली अंधारी आहे गं. खिडकी लहान आहे. भिंतीला ओल आलीय, पार छातीपर्यंत."

"असू दे. सफेदी करून घेऊ."

"मागचं दार आहे," मी म्हणाले. "त्याची कडी तुटलेली आहे. बाहेर मोकळं मैदान आहे, तिथं माणसं पत्ते खेळत बसलीत. पाच-सहा जण. सरळ आत दिसतं त्यांना."

मालन कशाला भिते ते मला नेमकं ठाऊक होतं. वसतिगृहात यायच्या आधी ती ज्या खोलीत राहायची, तिथल्या दाराला रात्री कुणीतरी हात लावून बघायचं, हे तिनं एकदाच, फार हळू आवाजात मला सांगितलं होतं.

"काय करताहेत ते?" तिनं विचारलं.

"इकडेच बघताहेत."

तिनं माझं कोपर सोडलं नाही. फेरी मारायलाही गेली नाही. म्हणाली, "मग बघायचं काय त्यात. चल."

मैदान नव्हतंच. मागे बोरावक्यांचं दहा फुटांचं परसू होतं आणि पलीकडे पुरुषभर उंचीचं कुंपण.

बाहेर येऊन तिनं काकांना, विचार करून कळवते, असं सांगितलं. परतीच्या गाडीत शिवाजीनगर आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की बरं झालं तू होतीस, नाहीतर मी हो म्हणून बसले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बँकेत जायच्या आधी, मी दिगंबरला घेऊन बोरावक्यांकडे गेले. त्यांनी विचारलं, त्या ताईंचं काय? मी सांगितलं, त्यांना दुसरीकडे मिळालं. काकांनी मान हलवली आणि किल्ली दिली. पुढच्या आठवड्यात आम्ही राहायला गेलो. बँकेत मी 'पिंपरीच्या बाजूला' असं मोघम सांगितलं. मालननं अभिनंदन केलं, स्टेशनपासून किती लांब आहे असं विचारलं, आणि मी म्हणाले, बरंच लांब आहे.

तिच्याबरोबर घर शोधायला जाणं मी बंद केलं. तोवर दिवस गेल्याचं सगळ्यांना सांगितलं होतं, त्यामुळे कारण आयतंच होतं. तिला वसतिगृहात मार्चअखेरपर्यंत दयेखातर राहू दिलं. बँकेतला शिपाई खंडागळे अधूनमधून तिच्याबरोबर घरं बघायला जायचा. कुठेच जमत नव्हतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, दुपारी बाराच्या सुमारास बँकेत फोन आला. तो अर्थातच मालननंच उचलला. नेहमीच्या आवाजात तिनं बँकेचं नाव सांगितलं, कोण हवंय म्हणून विचारलं. पलीकडे तिचा भाऊ होता. आई पहाटे गेली, असं त्यानं सांगितलं. थंडी छातीत भरली होती, पडवीत चार दिवस पडून होती. मी पासबुकं द्यायला तिकडून चालले होते. केबिनचं दार उघडं होतं. मालन कानाला रिसीव्हर लावून बसली होती आणि बोर्डावर दुसऱ्या लाइनचा बझर वाजत होता. तिनं तो घेतला, "मॅनेजरसाहेबांना देते" म्हणाली, जोडून दिला, आणि मग कानावरचं सगळं काढून ठेवलं. खंडागळे तिला घेऊन शेवगावला गेला. मी पाचव्या महिन्यात होते. मला कुणी चल म्हटलं नाही आणि मीही निघाले नाही.

त्या संध्याकाळी घरी आले आणि ओट्यापाशी उभी राहून स्वयंपाक केला. दिगंबरनं विचारलं, का गं, बरं वाटत नाही का? मी म्हणाले, मालनची आई गेली. तो हळहळला. वय झालं होतं का, म्हणाला.

जूनमध्ये मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, धडधाकट. बारशाला सगळ्या शाखेला बोलावलं. मालनला बोलावलं नाही. तिला या घराच्या दारातून आत येऊ देणं शक्यच नव्हतं. खंडागळेच्या हाती तिनं पांढऱ्या लोकरीचं टोपडं पाठवलं, स्वतः विणलेलं. ते मी मुलीच्या डोक्यावर कधी घातलं नाही. कुठे ठेवलं तेही आता आठवत नाही.

मालननं एप्रिलमध्ये दापोडीला एक खोली घेतली होती, एकटीसाठी. हायवे ओलांडून जावं लागायचं. खोलीवाल्यांची सून तिला सकाळी पलीकडे सोडायची. पुढे आठ-नऊ वर्षांनी तिनं देहूरोडला स्वतःची जागा घेतली. माझी दोनदा बदली झाली, मी परत त्याच शाखेत आले. ती तिथंच होती. रोज सकाळी माझी पावलं ओळखून ती 'शैला, आलीस?' म्हणायची. डब्याच्या वेळी मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, बँकेची पत्रकं वाचून दाखवायचे. वाचून झालं की ती 'बरं' म्हणायची. आमच्यात कधी भांडण झालं नाही. लोक आम्हाला जिवलग मैत्रिणी समजायचे.

दोन हजार सोळा साली मालननं मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाच्या कार्यक्रमात ती चार वाक्यं बोलली. शेवटचं वाक्य असं होतं, की शैला ठोंबरेनं मला इतकी वर्षं वाचून दाखवलं, तिचे उपकार आहेत. टाळ्या झाल्या. मी खुर्चीवरून उठले आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

पुढच्या रविवारी मी देहूरोडला गेले. आधी फोन करून कळवलं होतं. तिनं दार उघडलं, बसायला सांगितलं, स्वतः चहा केला. कप अगदी माझ्या हातात आणून दिला. मग समोर बसली.

तिथं जाईपर्यंत मी वाक्यं जुळवली होती. ती सगळी विसरले. मी एवढंच म्हणाले, "मालन, चिंचवडच्या त्या घराला ओल नव्हती."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला.

तिनं सावकाश सांगितलं. त्या रविवारनंतर तीन दिवस ती विचार करत होती. अट न घालता हो म्हणणारा माणूस पुन्हा मिळणार नाही, असं तिला वाटत होतं. मैदानातल्या माणसांचं काही करता येणार नव्हतं, पण दाराला कडी तरी नवी बसवता येईल. म्हणून बुधवारी तिनं बोर्डावरून बोरावक्यांना फोन लावला आणि मागच्या दाराला नवी कडी लावून द्याल का, असं विचारलं. ते म्हणाले, कुठली कडी? ती तर मी दिवाळीतच नवी बसवलीय. आणि बाई, तुमच्या मैत्रिणीनं घर सोमवारीच घेतलं की, तुम्हाला दुसरीकडे मिळालं म्हणाल्या.

"बुधवारी," मी म्हणाले. "म्हणजे तेव्हापासून."

"तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस? तोंडावर थुंकली का नाहीस माझ्या?"

ती म्हणाली, "आईची कार्डं कोण वाचणार होतं? बँकेत माझ्यासाठी वेळ काढणारी तू एकटीच होतीस. तुझ्याशी भांडायची मला सोय नव्हती." मग म्हणाली, "फक्त एक केलं. खंडागळे अडखळत वाचायचा, तरी तू वाचलेलं प्रत्येक कार्ड नंतर त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतलं. तू खोटं वाचतेस का ते बघायला."

मला पुढचं कळलं. तरी ती बोलेपर्यंत मी थांबले.

"खोटं नाही वाचलंस कधी. एकदाच एक ओळ गाळलीस. जानेवारीत."

ते कार्ड माझ्या डोळ्यांसमोर होतं. बावीस वर्षांत एकही दिवस ते गेलं नव्हतं. निळी शाई, मास्तरांचं गोल अक्षर, तळाशी दाटीवाटीनं लिहिलेलं. त्या दिवशी केबिनमध्ये मी तिथपर्यंत आले आणि 'बाकी सर्व क्षेम' म्हणून कार्ड उलटं ठेवलं होतं.

"आठवते का तुला?" मालननं विचारलं.

"हो."

"मग वाच. तुझ्या आवाजात ऐकायचीय मला."

मी तिच्याकडे पाहू शकले असते, तिला काय कळणार होतं. पण मला मान वर करता आली नाही. खाली फरशीकडे बघत मी म्हटलं, "घराचं जमलं की मला न्यायला तू येऊ नको, तुला गाड्या बदलाव्या लागतील. मी एकटी येईन. तू फक्त पुण्याच्या स्टँडावर उभी राहा, मी तुला लांबूनच ओळखीन."

मालन ऐकत होती. दोन्ही हात मांडीवर, मान किंचित कललेली, केबिनमध्ये बसायची तशी.

"एकटी नाही," ती म्हणाली. "एकली. आई एकली म्हणायची. मास्तरांनी तसंच लिहिलं होतं."

मी डोळे पुसले आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली.